आधी बोला, मग गा

लागोसमध्ये माझं ध्वनिमुद्रणाचं काम आहे. जाहिराती, लग्नाचे बँड, चर्चची क्वायर, जे येईल ते. सापेलेच्या एका चर्चला ओक्पे भाषेत रचलेली आपली गीतं रेकॉर्ड करून ठेवायची होती, म्हणून सामान घेऊन गेलो. ओक्पे हे नायजेरियाच्या डेल्टा राज्यातले लोक. राजाची गादी ओरेरोक्पेला, भाषा उर्होबोच्या जवळची.

पहिलं गीत कीबोर्डवर, जुन्या इंग्रजी चालीत. चारही आवाज नेटके लागलेले. मी खूश! क्वायर बसवणारे म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळे पापा म्हणतात, ते म्हणाले, "हे पुसून टाका."

ओक्पेत आवाज चढला-उतरला की अर्थच बदलतो. इंग्रजी चाल आपल्या मर्जीने चढते, आणि शब्द नेमका तिथे उतरायचा असतो. लोक सवयीने गातात, पण अर्थाची वाट लागलेली असते. योरुबा या नायजेरियातल्याच दुसऱ्या भाषेतल्या गीतांचंही हेच दुखणं. लागोसच्या कॅथीड्रलचे ऑर्गनवादक एकुंदायो फिलिप्स यांनी १९५३ साली आपल्या पुस्तकात ते मांडलं होतं.

पापांची रीत अशी, की ओळ आधी शेजाऱ्याशी बोलावी तशी बोलायची. बोलताना त्यांचा अंगठा बाकाच्या पाठीवर वर-खाली सरकत होता. तीच चाल. खालच्या पट्टीतल्यांनी वरच्यांच्या उलट जायचं नाही, नाहीतर त्यांच्या तोंडी भलताच शब्द येतो. आणि दुसरं कडवं? शब्द बदलले की चढ-उतार बदलला, त्याच चालीत ते बसणार कसं! मी नगरचा. ना. वा. टिळकांच्या भजनांची सगळी कडवी एकाच चालीत म्हणत वाढलो, त्यामुळे मला हे अजबच वाटलं. पापांचा तोडगा म्हणजे ध्रुवपद कायम, मधल्या ओळी एकट्याने शब्दाप्रमाणे वळवून म्हणायच्या.

क्वायरकडे डो-रे-मीच्या अक्षरांत लिहिलेले कागद होते. सूर त्यात सापडतो. तो तसाच का, हे नाही सापडत. म्हणून मी सुचवलं, प्रत्येक ओळ आधी बोलून घेऊ, मग गाऊन. खजिनदारांचा चेहरा पडला, कारण वेळ दुप्पट म्हणजे जनरेटरचं डिझेलही दुप्पट. पण सापेलेतली तरुण पोरं घरीदारी पिजिन, म्हणजे तिथली मिश्र इंग्रजी, बोलतात, हे त्यांनाही माहीत होतं.

एक कॉलेजातली मुलगी गाताना बिनचूक, पण तीच ओळ बोलायला लागली की पापा थांबवायचे. शेवटी वैतागून तिने ओळ गायलीच, मग गाणं सावकाश मोडत मोडत बोलण्यावर आणलं.

"आता बरोबर," पापा म्हणाले, "हे घ्या."