शॉक द्यायचा तर सही कुणाची?

ओळखीतल्या एका वहिनी परवा विचारायल्या, दिराला डॉक्टरांनी शॉक (मानसिक आजारावर डोक्याला विजेचा झटका द्यायचा उपचार) सांगितलेत, कागदावर सही करू का नको. मी म्हणलं वहिनी, आधी दीर स्वतः काय म्हणतोय ते विचारा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे ना, त्यात पेशंटला समजायलंय, त्याला ठरवता यायलंय तर संमती त्याचीच लागते, तो त्या अवस्थेतच नसला तर मग त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे त्याच्या वतीनं ठरवायला नेमलेल्या माणसाची. अन् आपल्याकडं पेशंट बाहेर बाकड्यावर अन् सगळं बोलणं भावासोबत, हे मला फार लागतं.

दुसरं भुलीचं. ह्याच कायद्याचं कलम ९५ सांगतं की भूल अन् स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायचाच नाही. पूर्वी बिनभुलीचे शॉक द्यायचे, झटक्यानं हाडं मोडायची, त्या गोष्टी गावोगाव अजून सांगतात म्हणून माणसं घाबरतात, ते घाबरणं खोटं नाही. आता पेशंट उपाशीपोटी आणतात, भूल देतात, विजेनं येणारी फिट साधारण मिनिटभरात संपते, त्याला कळतही नाही. नंतर डोकं दुखतं, त्या दिवसांतलं काही आठवत नाही, कुणाकुणाला आधीचंही आठवत नाही, हे सहीच्या आधी सांगायलाच पाहिजे.

१८ च्या आतल्या लेकरांना बंदीच, अगदीच गरज पडली तर पालकांची संमती अन् ह्या कायद्याखाली नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी परवानगी.

ह्या कायद्यात इमर्जन्सीच्या, म्हणजे तातडीच्या उपचाराचं कलम आहे, त्याखालीही शॉक चालत नाही. ह्यावर बरेच डॉक्टर नाराज आहेत, पेशंट खाईना पिईना, हलेना, तिथं शॉकनंच जीव वाचतो म्हणतात. उपचार चांगला आहे हे मलाही पटतं, पण न विचारता द्यायची वाट उघडी नकोच.

खरी अडचण वेगळीच. राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला, मराठवाड्यात एकही नाही. मेडिकल कॉलेजं आहेत, पण शॉक बहुतेक सहा ते बारा लागतात, आठवड्याला दोन-तीन, मजुरी बुडवून एवढ्या खेपा कोण करणार, मग मधेच सोडतात.

अजून एक, आजार आटोक्यात असतानाच सज्ञान माणसाला आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो, शॉक नको तर नको, चालेल तर चालेल, अन् आपल्या वतीनं कुणी बोलायचं तेही.