वीस पौंडांची टाकी, पंधरा पौंडांचा गॅस

परवा शनिवारी संध्याकाळी मी इथं अमेरिकेतल्या घरी बाथरूममधला वजनकाटा उचलून मागच्या अंगणात नेला आणि त्यावर ग्रिलची प्रोपेन गॅसची टाकी ठेवली. आत सहा पाहुणे. बायको खिडकीतून बघत होती. "तिला पण डाएटवर ठेवतोयस का?" म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. सांगलीच्या माणसाला गॅस कमी भरलाय असा संशय आला की तो काटा मागतो. गाडीवाला तोंड वाकडं करतो, पण मागायचाच. आमची आई अजून मागते, आणि टोपणावरचं सील तुटलेलं नाही ना, हेही चष्मा लावून बघते.

संशय यायला कारण होतं. टाकी आदल्याच दिवशी बदलून आणलेली. बेत वांग्याच्या भरिताचा. इथल्या वांग्याला कृष्णाकाठच्या वांग्याची चव नाही, हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं, पण निदान भाजल्याचा वास तरी येईल म्हणून ग्रिल. तर ज्योत म्हणजे देवघरातल्या निरांजनाएवढी. झाकणावरचा काटा अडीचशे फॅरनहाइटच्या पुढं सरकेना, म्हणजे आपले साधारण 120 अंश. एवढ्यात वांगं भाजत नाही, नुसतं घामेजतं.

टाकीच्या कॉलरवर रिकाम्या टाकीचं वजन ठोकलेलं असतं. आमच्या टाकीवर 17 पौंड. काट्यावर आले 32. वजाबाकी करा. टाकी वीस पौंडांची, गॅस पंधरा! मी तसाच गाडी काढून दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराला मी सगळं समजावून सांगितलं, त्यानं शांतपणे बाहेरच्या पिंजऱ्यातली एक टाकी दाखवली आणि लेबलवर बोट ठेवलं. छापलंय की, पंधरा पौंड.

म्हणजे चोरी नाही, पण हे काय पटण्यासारखं आहे का? वीस पौंड म्हणजे नऊ किलो. एवढा गॅस भरला की टाकी ऐंशी टक्के भरते, वरची जागा द्रव फुगायला मोकळी ठेवायची असते. जास्त भरू नये म्हणून टाकीच्या आत वॉल्वला एक तरंगता दांडा लावलेला असतो, तिकोनी हँडलवरून अशी टाकी ओळखू येते. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. मग बदलून देणाऱ्या कंपन्या पंधराच का भरतात? त्यांना परवडतं म्हणून. टाकीला नाव वीस पौंडांचं आणि पोटात पंधरा. आपल्याकडं 14.2 किलो म्हणजे 14.2 किलो. कमी भरला तर भांडायला हक्काचा आकडा असतो. इथं कमी भरतात आणि ते छापून ठेवतात, त्यामुळं भांडताही येत नाही. आता मी टाकी बदलत नाही, भरून देणाऱ्या ठिकाणी नेतो. लांब पडतं, पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

यावर मी त्या रात्री पाहुण्यांपुढं अर्धा तास बोललो. वांगी शेवटी ओव्हनमध्ये भाजली. आणि एवढं बोलून झाल्यावर कुणीतरी विचारलं, पंधरा पौंड का असेना, टाकी भरलेली आहे ना? मग ज्योत का लहान?

याचं उत्तर रविवारी सकाळी कुंपणापलीकडून आलं. शेजारचे आजोबा निवृत्त प्लंबर आहेत. दोन वर्षांत आमचं बोलणं बर्फ आणि गवत यांच्यापुढं गेलं नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "टाकी उघडलीस कशी, दाखव." मी दाखवलं. आधी बर्नरची बटणं चालू, मग टाकीचं हँडल गर्रकन. सांगलीच्या घरी रेग्युलेटरची कळ एका झटक्यात फिरवायची सवय. म्हातारा हसला. म्हणाला, टाकीला वाटलं नळी तुटली.

ते असं आहे. टाकीला जोडायचा जो मोठा प्लॅस्टिकचा नट असतो, त्यात एक सुरक्षेची सोय असते. एकदम खूप गॅस सुटला, की नळी फाटली असं समजून ती वाट जवळजवळ बंद करते, फक्त धाप लागल्यासारखा थोडा गॅस सोडते. बर्नर उघडे ठेवून टाकी उघडली किंवा हँडल झटक्यात फिरवलं की हेच होतं. शिवाय आगीनं तो नट तापला तर त्यातला भाग वितळतो आणि टाकीचा वॉल्व आपोआप मिटतो. उपाय अगदी साधा. सगळी बटणं बंद, टाकी बंद, नट सोडवायचा, दोन-चार मिनिटं थांबायचं, परत जोडायचं. मग बर्नर बंद असतानाच टाकी सावकाश उघडायची. इतकी सावकाश, की मला सांगली स्टेशनात शिरणारी पॅसेंजर आठवली. मग झाकण उघडं ठेवून एकच बर्नर पेटवायचा. पाच सेकंदांत पेटला नाही तर बंद करून पाच मिनिटं थांबायचं. झाकण मिटून पेटवलं तर आत साठलेला गॅस एकदम भडकतो. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो आपणहून उडून जात नाही, खाली बसतो.

हे ऐकताना मला एकाच वेळी लाज वाटली आणि रागही आला. लाज वजनकाट्याची. राग यासाठी, की आमच्या घरी 38 वर्षं सिलिंडर ओट्याखाली आहे, आणि गॅस म्हणजे काय हे मला शिकवायला कुणी लागत नाही. 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी पहिल्या मजल्याला लागलं, तेव्हा सिलिंडर आणि शेगडी गच्चीवर नेऊन आईनं सतरा माणसांना चार दिवस पिठलं-भात घातला. आणि इथं? आधीच्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्याच आठवड्यात दारात चिठ्ठी. बाल्कनीत ग्रिल ठेवायचं नाही, पेटवायचं तर इमारतीपासून दहा फूट लांब. टाकी घरात नको, गॅरेजमध्ये नको. मी ऑफिसात जाऊन वाद घातला. म्हटलं, आमच्याकडं अख्खा देश स्वयंपाकघरात सिलिंडर ठेवून जेवतो. ती बाई म्हणाली, करारावर तुमचीच सही आहे. (होती.) तेव्हापासून ते ग्रिल या घरी येईपर्यंत एका मित्राच्या शेडमध्ये पडून होतं.

अजूनही मला वाटतं त्या चिठ्ठीची भाषा उद्धट होती. पण इथली बाल्कनी लाकडाची, वरच्या मजल्याचीही लाकडाची, भिंतीला प्लॅस्टिकचं आवरण. आमच्या गल्लीतली घरं दगड-विटांची. तुलना करताना हे सांगायचं राहून जातं, म्हणून सांगितलं.

आजोबा मग घरात जाऊन एक फवाऱ्याची बाटली घेऊन आले. अर्धं पाणी, अर्धा भांड्यांचा साबण. मला हसू आवरेना. म्हटलं, हे आमचं! आमच्याकडं एजन्सीचा माणूस आला की मोरीतल्या साबणाचा फेस करून रेग्युलेटरला लावायचा आणि आम्ही पोरं फुगा येतो का बघत उकिडवी बसायचो. मी हे बरंच रंगवून सांगितलं. आजोबा मान डोलवत टाकी उघडून नटावर, नळीवर, सांध्यांवर फवारत होते. बोलता बोलता मी थांबलो. नटापाशी मोहरीएवढा एक फुगा आला, वाढला, फुटला. मग दुसरा. वास मला आला नव्हता, वाऱ्याची दिशा उलटी होती. टाकी बंद केली, नट हातानं पुन्हा नीट बसवला, पान्हा लावायचा नाही म्हणाले. परत फवारा. या वेळी साबण नुसता ओघळला.

मग त्यांनी ग्रिल उघडंच करून टाकलं. बर्नरच्या नळ्यांत कोळ्यांची जाळी. बंद पडलेल्या ग्रिलच्या नळीत कोळी हमखास घर करतो आणि मग गॅस उलटा फिरून भलतीकडं पेटतो. तारेचा ब्रश त्यांनी सरळ कचऱ्यात टाकला. त्याची तार जाळीला चिकटते, तिथून खाण्यात, तिथून घशात. इथल्या सीडीसीनं, म्हणजे रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं, 2012 मध्ये अशा रुग्णांबद्दल सावध केलं होतं. मग जाळी घासायची कशानं? मी अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर फिरवला, डोशाच्या तव्यावर फिरवतात तसा. आजोबांनी भुवया उंचावल्या, वास घेतला, आणि आणखी एक कांदा मागितला. तेवढा एक गुण आमच्या खात्यात. खालच्या ताटलीतलं साठलेलं तूप-तेल खरवडून काढलं. ते पेटलं तर पाणी ओतायचं नाही, बर्नर बंद करून झाकण मिटायचं, हे मात्र मला ठाऊक होतं. कढईच्या संस्कारात येतं ते.

संध्याकाळी एकट्यासाठी दोन वांगी लावली. तेलाचा हात फिरवून, सुरीनं टोचून, नाहीतर फुटतात. सालं काळी पडून सुटायला लागली तेव्हा आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडं सोमवारची सकाळ, मागं चहाचं आधण. नट, फुगा, कोळी, सगळं सांगितलं. मग सहज म्हटलं, "आई, आपल्या शेगडीची नळी कधी बदलली? पाच वर्षांनी बदलायची असते. वर छापलेलं असतं, वाच बघू."

तिनं फोन ओट्याखाली नेला. अंधार, मग केशरी नळी, तिच्यावर तेलकट धुळीचा थर.

"पुसलंय रे सगळं," ती म्हणाली. "तू बारावीला होतास तेव्हाची असंल."

मी बारावी होऊन एकवीस वर्षं झाली. मी म्हटलं, आत्ता शेगडी बंद कर. ती म्हणाली, चहा तर उकळू दे. मग आमचं भांडण झालं, आणि इकडं एक वांगं करपलं. एजन्सीचा माणूस गुरुवारी येतो म्हणालाय.