आपल्या उंबऱ्याचा आकडा

पावसाळ्यात कोल्हापुरात चहाआधी एकच प्रश्न असतो: "बंधारा किती?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. जुनी माणसं अजून शिवाजी पुलाकडं बघतात आणि पाणी कमानींशी भिडलं की "मच्छिंद्री झाली" म्हणतात. दोन्ही खुणा खऱ्या आहेत, पण त्या नदीच्या आहेत. आपल्या घराबद्दल त्या काही सांगत नाहीत. सुतारवाड्यातली कुटुंबं गाठोडी बांधून चित्रदुर्ग मठात पोचलेली असतात, तेव्हा दोन गल्ल्या पलीकडं कोणीतरी निवांत टीव्ही बघत असतो.

म्हणून पूरपट्ट्यातल्या प्रत्येक घराला स्वतःचा आकडा हवा: बंधाऱ्यावर किती फूट झाले की पाणी आपल्या फरशीला लागतं, तो. तो काढायची रीत सोपी आहे, आणि ती नीट समजायला ऑस्ट्रेलियातल्या एका गावाची गोष्ट उपयोगी पडते.

न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाला लिस्मोर नावाचं गाव आहे. विल्सन्स नदी आणि लेस्टर क्रीक यांचा संगम गावातच होतो. आपल्याकडं प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येतात आणि लगेच खाली शहर लागतं, तसाच काहीसा प्रकार. पूर हा तिथं पिढीजात पाहुणा. सखल भागातली लाकडी घरं खांबांवर उभी असतात, आणि घर बघायला येणारा माणूससुद्धा फरशी किती मीटरवर आहे ते विचारतो. गावातल्या मापपट्टीवर अमुक मीटर झालं की आपल्या अंगणात पाणी, तमुक झालं की पायरीवर, हे तिथल्या जुन्या रहिवाशांच्या तोंडावर असतं. आपण शिकावं ते हेच.

आता रीत. २०२१ च्या जुलैत पंचगंगा ५६ फूट ३ इंचांवर गेली होती. त्या पुराची रेघ तुमच्या भिंतीवर फरशीपासून अडीच फुटांवर असेल, तर ५६ फूट ३ इंचांतून २ फूट ६ इंच वजा करा. उरले ५३ फूट ९ इंच. हा तुमच्या फरशीचा आकडा. पडताळा २०१९ चा घ्यायचा. त्या वर्षी बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच होते, म्हणजे ८ इंच कमी. मग २०१९ ची रेघ फरशीपासून १ फूट १० इंचांवर यायला हवी. तिथंच आली तर तुमचा आकडा पक्का. चार-सहा इंचांचा फरक पडला तर दोन्हींतला जो आकडा लवकर धोका सांगतो तो धरायचा.

फरक पडायला कारणं आहेत. बंधारा कसबा बावड्याकडं, शहराच्या खालच्या अंगाला आहे. पुराचं पाणी परातीत ठेवल्यासारखं सपाट नसतं, त्याला उतार असतो. मधल्या काळात कोणीतरी रस्ता दीड फूट उचललेला असतो, कोणी कंपाउंड घातलेलं असतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे जयंती नाला. नदी चढली की नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, ते मागं फुगतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सीता कॉलनी या बाजूला पाणी समोरून चालत येत नाही. गटारीच्या चेंबरमधून आणि संडासाच्या भांड्यातून वर येतं. त्यात शहरावरच पाऊस कोसळत असेल तर बंधाऱ्याचा आकडा कमी असतानाही घरात पाणी. नाल्याकडच्या माणसानं आपल्या आकड्यातून किमान फूटभर आणखी वजा करावा.

एक आकडा पुरत नाही, दोन हवेत. दुसरा आकडा तुमच्या गल्लीतल्या सगळ्यात सखल जागेचा. घर कोरडं पण वाट बुडालेली, म्हणजे माणूस अडकला. गवंड्याकडं पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी असते. ती घेऊन उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत माप काढायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, एवढं जपायचं. सखल जागा उंबऱ्यापेक्षा ३ फूट खाली निघाली, तर वरच्या उदाहरणात वाटेचा आकडा ५० फूट ९ इंच. घर सोडायची वेळ या आकड्यावर ठरते, फरशीच्या नाही.

उरलेला वेळही मोजता येतो. सहा तासांत पाणी फूटभर चढलं असेल तर वेग ताशी दोन इंच. आता बंधाऱ्यावर ४९ फूट ३ इंच असतील तर वाट बुडायला दीड फूट, म्हणजे १८ इंच, म्हणजे नऊ तास. त्यातले निम्मेच आपले समजावेत, कारण वेग एकसारखा राहत नाही. २०१९ ला पाणी दिवसेंदिवस तुंबून राहिलं. २०२१ ला ते बघता बघता चढलं. राधानगरी धरणाकडंही कान हवा. तिथल्या सात स्वयंचलित दरवाजांतून प्रत्येकी १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, म्हणजे सगळे उघडले की जवळपास दहा हजार. हे दरवाजे माणूस उघडत नाही, तलावातली पातळी उघडते. त्यामुळं "साहेबांनी रात्री पाणी सोडलं" ही गप्पा मारायची गोष्ट.

लिस्मोरचं पुढचं ऐकण्यासारखं आहे. तिथल्या लोकांच्या डोक्यात १९७४ चा पूर होता, साधारण १२ मीटरचा. त्याच्या वर फरशी असली की माणूस निर्धास्त. २०१७ मध्ये पाणी गावच्या बांधावरून आत आलं, तरी तो जुना आकडा शाबूत राहिला. २८ फेब्रुवारी २०२२ ला, सोमवारी, पाणी १४.४ मीटरवर गेलं. रविवारी रात्री झोपताना ऐकलेला अंदाज पहाटेपर्यंत कुठल्या कुठं गेला होता. माळ्यावर चढवलेलं सामान बुडालं, माणसं छपरावर चढली, आणि त्यांना उतरवायला आले ते बहुतेक गावातलेच लोक, स्वतःच्या मासेमारीच्या ॲल्युमिनियमच्या होड्या घेऊन. ३०-३१ मार्चला पाणी पुन्हा गावात शिरलं. म्हणजे ज्यांना आपला आकडा पाठ होता त्यांचाच आकड्यानं घात केला. आपल्याकडंही "२००५ ला पायरीला लागलं नव्हतं" म्हणून २०१९ ला बसून राहिलेले थोडे नव्हते. भिंतीवरची रेघ पाणी कुठवर आलं होतं ते सांगते. कुठं थांबेल ते तिला माहीत नसतं. महत्त्वाचं सामान जुन्या रेघेच्या वर दीड-दोन मीटर जात असेल तरच घरात ठेवावं, नाहीतर घराबाहेर काढावं.

सामानाचंही शास्त्र आहे. फ्रिज तरंगतो आणि आडवा होतो, म्हणून दार बांधून तो खिडकीच्या गजाला आवळायचा. गॅस सिलिंडर भरलेलासुद्धा तरंगतो: गॅससकट त्याचं वजन तीस किलोच्या आसपास, पण तो बाजूला सारतो ते पाणी त्याहून जड. रेग्युलेटर काढून, टोपी लावून, साखळीनं बांधावा. प्लायच्या कपाटाचे खण आधी काढून घ्यावेत, फुगल्यावर ते हातोडीनंही निघत नाहीत. संडासाच्या भांड्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं वाळूचं पोतं दाबून बसवायचं. पोतं दोन-तृतीयांशच भरावं, गच्च भरलेलं भांड्याचा आकार घेत नाही. मेन स्विच बंद करायचा तो पाय कोरडे असतानाच.

चिखली-आंबेवाडीकडं पहिला प्रश्न जनावरांचा. गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या म्हशी सगळ्यात आधी सोनतळीला हलवायच्या, कारण पाण्यातून चालवताना त्याच अडतात. वैरण बरोबर न्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये कारखाने बंद, त्यामुळं उसाचं वाडं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, मिळत नाही. अगदीच वेळ गेली तर दावं कापून म्हैस मोकळी सोडावी. ती पोहते, दाव्याला बांधलेली मरते. उसाचं गणित वेगळं: शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस तगतो, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोंबात, गाळ बसला की कुजतो.

पाणी उतरताना घाई कुठं करायची आणि कुठं नाही, यात बरेच चुकतात. मातीच्या भिंतीच्या घरात लगेच शिरू नये. पाणी असतं तेव्हा ते दोन्ही बाजूंनी भिंतीला धरून असतं. ते गेलं की भिजलेली भिंत स्वतःच्याच वजनानं बसते. गाळाची मात्र घाई हवी. पाणी घोटाभर असतानाच खराट्यानं गाळ ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर ढकलायचा. दोन दिवस ऊन लागलं की तोच गाळ फावड्यानं खणावा लागतो. गमबूट घालावेत, पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं. पाण्याची टाकी आधी रिकामी करून घासायची, मग भरायची. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, आणि तासभर थांबून मगच वापर. पावडर जुनी, ओलसर असेल तर तिचा जोर गेलेला असतो.

बुडालेली मोटार "चालू करून बघू" म्हणून बटण दाबली की वायंडिंग जळालंच. गोड्या पाण्यानं धुऊन, उघडून, वाळवून, मेगरनं (वायंडिंगचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं) तपासून मगच वीज द्यायची. बेअरिंगमध्ये गाळ गेलेला असतोच, ते बदलावं.

लिस्मोरमध्ये 'कूरी मेल' या १९९१ पासून निघणाऱ्या आदिवासी वृत्तपत्राची स्वतःची इमारत बुडाली, आणि त्याच इमारतीतून गावाला जेवण, कपडे, औषधं मिळायला लागली. कोल्हापुरात हे काम तालमी करतात. नळाचं पाणी बंद असतं, कारण उपसा केंद्रंच पाण्यात असतात. टँकर कुठल्या गल्लीत गेला नाही हे तालमीतल्या पोरांना लगेच कळतं. पुराआधीच तालमीच्या भिंतीवर गल्लीतल्या घरांचे आकडे खडूनं लिहून ठेवले, तर कोणाला कधी उठवायचं याचा वाद उरणार नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरापुढं एक टिंब जास्त द्यावं.

आणि रेघ. पूर ओसरला की गणपती तोंडावर आलेले असतात, घरोघरी चुन्याचा नाहीतर डिस्टेंपरचा हात फिरतो आणि खूण पुसली जाते. रंगारी यायच्या आधी छिन्नीनं भिंतीत बोटभर खाच मारा, शेजारी ऑइलपेंटनं तारीख आणि त्या दिवशीचा बंधाऱ्याचा सर्वांत मोठा आकडा लिहा. तेवढ्या चार इंचांवर रंग मारू नको म्हणून रंगाऱ्याला बजावून ठेवा.