नववीच्या वर्गात ऊती अभियांत्रिकी: माझा अनुभव

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीला ऊतींचा धडा असतो. अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता अशी नावं पाठ झाली, आकृत्या काढून झाल्या, की मुलांच्या लेखी विषय संपतो. याच ऊती प्रयोगशाळेत वाढवण्याची धडपड, म्हणजे ऊती अभियांत्रिकी, जगभर चालू आहे, हे मुलांपर्यंत पोहोचतच नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बंगळूरला याच विषयात पीएचडी करते. गणेश चवथीला ती गावी आली तेव्हा मी तिला विचारलं, "तुमचं काम अडतं कुठे, तेवढं सांग." ती लगेच म्हणाली, "रक्तपुरवठ्यात, टीचर."

तिथून मला धड्याची वाट सापडली. पेशीला प्राणवायू केशवाहिनीतून, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीतून मिळतो, आणि ती वाहिनीपासून साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर तगत नाही. म्हणून आधी जमलं ते पातळ ऊतींचं. त्वचा जमली. कूर्चा, म्हणजे कानानाकातलं लवचीक हाड, जमली, कारण तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. मूत्राशयाची भिंतही पातळ. रुग्णांच्या स्वतःच्या पेशींपासून वाढवलेली मूत्राशयं सात जणांना बसवल्याचा अमेरिकेतले संशोधक अँथनी अटाला यांच्या गटाचा अहवाल २००६ मध्ये आला. हृदय, यकृत मात्र जाड. तिथे आतपर्यंत वाहिन्यांचं जाळं हवं, आणि इतकं बारीक जाळं बनवणं अजून कठीण आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निकमधल्या संशोधकांनी ते जाळं पालकाच्या पानात शोधलं. देठातून साबणासारखं द्रावण सोडून त्यांनी पानातल्या पेशी धुऊन काढल्या, उरलेल्या सांगाड्यावर माणसाच्या हृदयस्नायूच्या पेशी वाढवल्या, आणि त्या पेशी २१ दिवसांपर्यंत आकुंचन पावत राहिल्या. हे वाचलं आणि ठरवलं, पान धुण्यापर्यंतचा भाग आपल्या वर्गात करायचाच.

मुख्याध्यापिकांचे प्रश्न रास्त होते: अभ्यासक्रमात बसतं का, रसायनं कोणती, तास कुठून आणणार? मूळ प्रयोगातली रसायनं शाळेत आणण्यासारखी नव्हती. त्यांच्याऐवजी भांडी घासायचं द्रव आणि थोडं ब्लीच कोमट पाण्यात मिसळून वापरायचं ठरलं. ब्लीच मीच ओतणार, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. आम्लाची बाटली त्या टेबलाच्या आसपासही येणार नाही. एवढं लिहून दिल्यावर परवानगी मिळाली.

पालकाबरोबर म्हापशाच्या बाजारातून तांबडी भाजी, म्हणजे लाल माठही आणला. ही भाजी आमच्या घरोघरी शिजते, आणि तिनेच सगळ्यात जास्त शिकवलं. गरम पाण्यात तिचा लाल रंग भराभर उतरला आणि मुलं ओरडली, पेशी गेल्या! मी म्हटलं, सिद्ध करा. उच्च माध्यमिकच्या प्रयोगशाळेतून ॲसिटोकार्मिन, म्हणजे पेशींची केंद्रकं रंगवणारं द्रावण, मागून आणलं, पानाची साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. केंद्रकं होती तिथेच होती. रंग जाणं वेगळं, पेशी जाणं वेगळं. संशोधकांनाही सांगाड्यात किती डीएनए उरलं ते मोजूनच दाखवावं लागतं, कारण प्राण्याच्या अवयवाचा सांगाडा वापरताना परक्या पेशींचे अवशेष राहिले तर शरीर त्यांच्यावर उठतं. हे मी नुसतं सांगितलं असतं तर वहीत राहिलं असतं.

नंतर रोज द्रावण बदलत गेलो, आणि पालकाची पानं हळूहळू काचेसारखी झाली. देठ खाण्याच्या रंगात बुडवल्यावर रंग शिरांमधून वर चढू लागला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा पुढे येऊन म्हणाला, "टीचर, पेशी गेल्यो जाल्यार पान कशें उरलें?" याच प्रश्नासाठी मी इतके दिवस खपले होते. पुस्तकात ठेवलेलं पिंपळाचं जाळीदार पान सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात मधला मऊ भाग कुजून जातो, फक्त शिरा उरतात. आपल्या पानात पेशींच्या आतलं सगळं गेलं, पण सेल्युलोजच्या भिंती जागच्या जागी आहेत. राहणारे निघून गेले, घरं उभी आहेत. प्राण्यांच्या ऊतींत हे काम मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रथिन करतं.

पाठीवर कान असलेला उंदीर मुलांनी मोबाइलवर पाहिलेलाच होता. तो मी मुद्दाम शेवटी घेतला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात कानाच्या आकाराच्या साच्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी वाढवल्या होत्या; त्या कानाला ऐकू येत नव्हतं. कूर्चाच का निवडली, हे मला सांगावं लागलं नाही. "तिला रक्तवाहिन्या लागत नाहीत ना," दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

मग एका मुलीने विचारलं, असं पान माणसाच्या हृदयावर लावलं तर पुढे त्याचं काय होणार? तो प्रश्न मी बंगळूरला पाठवला. उत्तर आलं की सेल्युलोज तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या शरीरात नसतं, त्यामुळे सांगाडा तसाच राहील. आधार टिकतो हा फायदा, की नवी ऊती तयार झाल्यावर तो विरघळायला हवा, यावर मतं वेगळी आहेत. वर्गातही दोन तट पडले आणि तास अपुरा पडला. मराठीच्या बाईंनी त्यांचा पुढचा तास या वादविवादासाठी दिला आहे, त्याही ऐकायला बसणार आहेत.