कट कुठून येणार?

सोमवार, 5 ऑक्टोबर 2026

पुण्याहून नीलूचा फोन आला, तो ठेवला तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तशी ती चांगलंच बोलली. "ताई, यंदा दसऱ्याच्या पुरणपोळ्या मी इकडूनच घेऊन येते, आमच्या कोपऱ्यावर एक बाई फार छान करून देतात. तुम्ही काही घाट घालू नका. यंदा तुम्ही नुसतं बसायचं." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मागच्या दसऱ्याला मी खांदा धरून बसले होते ते तिनं पाहिलंय, तेच मनात ठेवून बोलली ती. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. तरी दुपारी आडवी झाले तर डोळा लागेना.

यंदा सगळंच लांबलंय. अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे सण पुढे गेले. घट 11 तारखेला, दसरा 20 ला, मंगळवारी. देवीचा वार म्हणून मला बरं वाटलं होतं, पण नोकरीवाल्यांना सोमवारची रजा काढावी लागणार, तिथूनच फोनाफोनी सुरू झाली. पितृपक्ष चालू आहे, सणाच्या कशाला अजून हात लावायचा नाही, पण तिकिटं थोडीच थांबतात! भाऊजी मुंबईहून वंदे भारतने सोलापूरला येणार, नीलू आणि मुलं सोमवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसने. म्हणजे रात्र होणारच. वन्संचं अजून ठरत नाही. परतीची तिकिटं मात्र आधीच काढून झाली आहेत, बुधवार सकाळची.

पूर्वी दसऱ्याला आलेलं माणूस कोजागिरीपर्यंत हलायचं नाही. तुळजापूरची देवी सीमोल्लंघन करून निजते ती पौर्णिमेलाच उठते. मग इथून माणसांची रांग लागते रस्त्याला, 45 किलोमीटर, रात्रभर चालत. हे आणि भाऊजी दोघंही जायचे. सकाळी पाय सुजलेले आणि तोंडं उजळलेली. असो, तो विषय आज नको.

पोळ्यांचं म्हणत होते. पोळ्या तयार येतील. पण कट कुठून येणार?

हे दुपारभर मी मनातल्या मनात नीलूला विचारतेय. डाळ शिजवताना आपण पाणी मुद्दाम जास्त घालतो ते कशासाठी? बोटानं दाबली की मोडावी, पण विरघळू नये, तेवढ्यात रोळीत उपसायची. खाली पातेल्यात जे पिवळसर, दाट पाणी उतरतं तोच कट, त्याच्यावर सगळं जेवण उभं असतं. थोडं पुरण त्यात कालवायचं, चिंचेचा कोळ, काळं तिखट, भाजलेलं खोबरं, वरून फोडणी. नैवेद्याची म्हणून कांदा-लसूण नाही. भाऊजी पोळी एकच खातात, तीही माझ्यासाठी. आमटी मात्र वाटीवर वाटी. सकाळी शिळी आमटी आणि कडक भाकरी कुस्करून खाल्ल्याशिवाय त्यांचा दसरा होत नाही. त्यांच्या ताटात मी काय वाढू? वरण?

आणि पुण्याच्या त्या बाई रोज एवढी डाळ शिजवत असतील, त्या तो कट काय करतात? पोळ्यांबरोबर देतात का कुणाला? की मोरीत जातो सगळा? मला त्याचंच फार वाईट वाटत राहिलं, आणि मग लक्षात आलं की मला वाईट कटाचं वाटत नाहीये.

इतकी वर्षं पहाटे उठून त्या ओट्याशी उभी राहिले. वैताग केला नाही असं नाही. तव्याच्या धगीनं तोंड लाल व्हायचं, पंगतीला शेवटी बसायचं, तोवर भजी निवून गेलेली. तेव्हा कुणी म्हटलं नाही, तू बस. आता म्हणतात, तर वाटतंय की मला खुर्चीत नेऊन ठेवलं. घर माझं, घट माझ्या देव्हाऱ्यात, आणि येणारे सगळे आपापलं डब्यात घालून आणणार. मग मी कशाला लागते? नीलू शेवटी म्हणाली, "शेंगाची चटणी मात्र तुमच्याच हातची हं." तेवढं ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

पण खरं काय ते लिहितेच. मला काम हवंय असं नाही. मला ती आदल्या रात्रीची बैठक हवी आहे.

कणीक मळून तेल लावून मुरत ठेवलेली, पुरण परातीत निवत पडलेलं, जायफळाचा वास घरभर. एकीनं पारी करायची, एकीनं भरायची, एकीनं लाटायचं, एकीनं तव्याशी बसायचं. त्या वेळी माणसं जे बोलतात ते एरवी बोलत नाहीत. वन्संनी त्यांच्या घरातलं ते सगळं मला तेव्हाच सांगितलं, पोळी उलटता उलटता, तोंड तव्याकडे करून. एक पोळी जरा करपली, ती बाजूला काढली, आणि पुढचं वाक्य बोलल्या. समोर बसवून विचारलं असतं तर एक अक्षर काढलं नसतं त्यांनी. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही, पारी भरत राहिले. म्हणून तर बोलू शकल्या. यंदा त्या येतील की नाही हेच ठरत नाहीये, आणि आल्या तर त्यांना मी कुठं बसवणार? सोफ्यावर? डबे उघडले, पोळ्या गरम केल्या, तूप घातलं, अर्ध्या तासात ताटं उचलली. मग जो तो आपला फोन घेऊन बसणार. भेटायचं म्हणून येतात ना सगळी इतक्या लांबून?

आई शेवटच्या वर्षी खुर्चीतच होत्या. पुरणाची बोटभर चव घ्यायच्या आणि गूळ सांगायच्या. त्यांच्याशिवाय डाळीत गूळ पडत नव्हता. त्यांना कधी वाटलं असेल का, मला जे आज वाटतंय ते? विचारायला हवं होतं.

चहा झाल्यावर जरा शांत डोकं केलं. देवीचा नैवेद्य घरचाच लागणार, पुरणाची आरतीही करायची, त्याला दिवे वळायला पुरण हवं. म्हणजे डाळ घालावीच लागणार. सगळ्यांच्या आमटीला पुरेल एवढा कट हवा तर किलोभर तरी घालावी लागेल. किलोभर डाळ म्हणजे किलोभर गूळ, आणि तेवढं पुरण काही दिव्यांत संपत नाही, पोळ्या लाटाव्याच लागतील. लाटायला खांदा लागतो, गोळे करायला लागत नाही. गोळे मी खुर्चीत बसून करीन. पुरणयंत्र फिरवायला मुलं आहेत, त्यांना आवडतं ते.

मग मीच नीलूला फोन लावला आणि हे सगळं सांगितलं, वन्संचं सोडून. ती जरा वेळ गप्प होती. म्हणाली, "पण ताई, मी त्या बाईंना ऑर्डर देऊन बसलेय." म्हटलं, "असू दे की. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येतात, त्यांना होतील. तू फक्त एक दिवस आधीची गाडी मिळते का बघ." बघते म्हणाली. तिला बरं वाटलं की राग आला, आवाजावरून कळलं नाही. ती रोज किती दमते हे मला माहीत आहे. तरी मागितला मी तिचा एक दिवस, आणि मिळाला तर घेणार आहे.

वन्संना उद्या करीन. त्यांना नुसतं या म्हणून चालणार नाही, काम सांगावं लागेल. तव्याशी तुम्हीच बसा, दुसऱ्या कुणाला जमत नाही, असंच सांगीन. खरंच आहे ते.

झेंडू मधल्या मारुतीजवळच्या बाजारातून आदल्या दिवशी हे आणतील. हरभरा डाळ घट बसले की घेते. राहिला पाण्याचा प्रश्न. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी नेमकं कधी येईल हे आतापासून सांगता येत नाही. पाण्याची पाळी रविवारी आली तर चिंता नाही. पुढे गेली तर एवढ्या माणसांच्या अंघोळी आणि खरकटी भांडी, दोन्ही पिंपं भरलेलीच हवीत. यांना आज रात्रीच सांगून ठेवते.