नकाशात नसलेल्या फळियाची जनसुनावणी

गुजरातेतल्या पाद्रा तालुक्यातल्या एका रसायन कारखान्याला उत्पादन वाढवायचं होतं. त्याआधी होणारी पर्यावरणाची जनसुनावणी आम्ही लढवली. आम्ही म्हणजे कारखान्याच्या मागच्या फळियात, म्हणजे छोट्या वस्तीत, राहणारे शेतमजूर, आणि वडोदऱ्याहून जाणारे आम्ही काहीजण. अशी नोटीस कुठल्याही गावाच्या वाट्याला येऊ शकते, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. फळियात पेपर येत नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या एका काकांनी ती जाहिरात पाहिली. ते एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी कात्रण माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "मंजूर औद्योगिक वसाहतीत असता ना हा कारखाना, तर बहुधा सुनावणीतूनच सुटला असता. संधी आहे, सोडू नकोस."

कारखान्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा कंपनीने करून घेतलेला अहवाल कलेक्टर कचेरीत आणि जिल्हा पंचायतीत बघायला ठेवलेला असतो. त्याचा गोषवारा गुजरातीत असतो, पण मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीतच. मी पहिल्या पानापासून वाचायला बसले, तेव्हा काकांनी थांबवलं. "अगं, निष्कर्ष नंतर. आधी नकाशा काढ आणि त्यात आपली माणसं शोध."

नकाशात फळिया नव्हताच. सर्वांत जवळची वस्ती दीड किलोमीटरच्या पुढे दाखवली होती. अंतर मोजलं होतं गावठाणापर्यंत. मजुरांची घरं गावठाणाबाहेर, शेतांच्या कडेला, म्हणून ती मोजणीतच आली नाहीत. पुढचं सगळं गणित याच एका आकड्यावर उभं होतं. वास, धूर, टाकी फुटली तर कुणाला हलवायचं, सगळंच. ज्यांच्या अंगणात कारखान्याचा वास येतो तीच माणसं कागदावर नाहीत, हे वाचून मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

मग आमचं काम ठरलं: फळिया कागदावर आणायचा. रेशनकार्डं, मतदार यादीची पानं, अंगणवाडीच्या रजिस्टरची प्रत, जे मिळेल ते गोळा केलं. सर्वांत मोलाचं निघालं एक जुनं वीजबिल. घड्या पडून चार ठिकाणी फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. त्यावर पत्ता छापलेला होता: अमुक कंपनीच्या पाठीमागे. घराची ओळखच कारखान्यावरून, आणि कारखान्याच्या अहवालात ते घर नाही!

पाण्याचंही तसंच. अहवालातले भूजलाचे नमुने दूरच्या बोअरचे होते. आम्ही फळियातल्या बोअरचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला. काकांनी पद्धत नीट शिकवली. पंप आधी काही वेळ चालू द्यायचा, बाटली त्याच पाण्याने विसळायची, काठोकाठ भरायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची, आणि बाटलीवर तारीख, वेळ, जागा लिहून पंचांच्या सह्या घ्यायच्या. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मानक मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. आमचं पाणी त्या दुसऱ्या मर्यादेच्याही वर निघालं. इथलं भूजल मुळातच खारं, असं उत्तर येणार हे काका जाणून होते, म्हणून त्यांनी सीओडीही, म्हणजे पाण्यातल्या रासायनिक प्रदूषणाचा अंदाज देणारं मापही, तपासून घ्यायला लावला होता. खारेपणाने क्षार वाढतात, रसायनांचा भार वाढत नाही.

हरकती आम्ही लेखी दिल्या आणि प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. त्यात २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही जोडला. पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवरचा तो निकाल, सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालवता येणार नाही असं सांगणारा. त्याचा मथितार्थ फळियात गुजरातीत वाचून दाखवला. बायकांनी दोनदा वाचायला लावला.

सुनावणीच्या दिवशी मंडपातल्या पुढच्या खुर्च्या बसमधून आणलेल्या माणसांनी भरल्या होत्या. रोजी बुडवून आलेल्या आमच्या बायका मागे उभ्या. अध्यक्षस्थानी अतिरिक्त कलेक्टर, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, समोर व्हिडिओ कॅमेरा. फळियातल्या एका बांनी, म्हणजे आजींनी, माईक घेतला. "साहेब, माझी गोधडी यांच्या कंपनीच्या भिंतीवर वाळते. यांच्या कागदात मी दीड किलोमीटर लांब राहते. मग एवढ्या लांबून मी ती टाकते कशी?" मंडप गप्प झाला. अहवाल बनवणाऱ्या सल्लागार कंपनीच्या माणसाकडे उत्तर नव्हतं.

पण खरी लढाई त्यानंतरची. इतिवृत्त तिथेच, स्थानिक भाषेत, सगळ्यांसमोर वाचून दाखवणं बंधनकारक आहे. लोक तोवर उठू लागतात. आम्ही आधीच ठरवलं होतं, वाचन होईपर्यंत कुणी हलायचं नाही. बांचं बोलणं कागदावर झालं होतं, 'ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली.' मी उभी राहिले आणि म्हटलं, चिंता नाही, वस्तुस्थिती सांगितली आहे. भिंतीला लागून वस्ती आहे, ती अहवालात नाही, असं लिहा. थोडी घासाघीस झाली. अतिरिक्त कलेक्टरांनी ते वाक्य बदलायला लावलं आणि वीजबिलाची प्रत जोडून घेतली. मंजुरीची शिफारस करणारी दिल्लीतली तज्ज्ञ समिती मंडपात येत नाही, तिच्यापुढे हे इतिवृत्तच जातं. म्हणून त्या एका वाक्यासाठी आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो.

समितीने कंपनीकडे फळियाचा खुलासा मागितला. सुधारित अहवालात फळिया आला, घरांच्या संख्येसह. मंजुरी मात्र मिळाली. फळियाला नळाने पिण्याचं पाणी आणि भूजल तपासायला निरीक्षण विहिरी, अशा अटी त्यात आहेत. आम्हाला विस्तारच नको होता, त्यामुळे हे पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. पाणी तपासणार कोण, तर कंपनीनेच नेमलेली प्रयोगशाळा. याच मुद्द्यावर आम्ही हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांच्या मुदतीत अपील केलं. नुकसानभरपाई मागत नसाल तर त्याची फी १००० रुपये आहे. ती फळियाने वर्गणी काढून भरली. अपील चालू आहे. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. पुढचा आला की तो फळियातच बसून वाचायचा, असं बांनी सांगून ठेवलं आहे.