महागडं सॉफ्टवेअर नाही, मग रिक्वायरमेंट सांभाळता कशा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भोसरीत आमचं स्पेशल पर्पज मशीनचं, म्हणजे कस्टमरच्या एखाद्या ठरावीक कामासाठीच बनवलेल्या मशीनचं, छोटं युनिट आहे, डिझाइनला आम्ही तिघं. नव्याने धंद्यात उतरलेलं कुणी भेटलं की हमखास विचारतं, ‘डोअर्ससारखं रिक्वायरमेंट नोंदवायचं सॉफ्टवेअर परवडत नाही, मग कस्टमरच्या मागण्या लिहिता कुठे?’

लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात. फुकट मिळतं आणि पाच रकान्यांत भागतं: नंबर, एका वाक्यात मागणी, कोणी आणि कधी सांगितली, कशी तपासणार, झाली का.

यातला ‘कशी तपासणार’ हा रकाना सगळ्यात मोलाचा. एकदा आम्ही लिहिलं होतं, ‘टेबलाची उंची ऑपरेटरला सोयीची असावी.’ मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. मशीन साइटवर लागलं, तर तिथल्या मुलींना प्रत्येक जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग) बसवताना हात खांद्यापर्यंत उचलावा लागत होता. दुपारपर्यंत त्या खांदे चोळायला लागल्या. शेवटी ग्राइंडर नेऊन फ्रेमचे चारही पाय कापले. आता तीच ओळ आम्ही अशी लिहितो: ‘टेबलाची उंची जमिनीपासून ९५० मिमी, अधिक-उणे १० मिमी. तपासणी: टेपने मोजून, डिस्पॅचच्या आधी.’ हा रकाना भरता येत नसेल तर मागणी अजून कळलेलीच नाही, असं समजून मी कस्टमरला फोन लावतो.

वाक्यरचनेसाठी ‘इअर्स’ पद्धत बघा, म्हणजे मागणी ठरावीक साच्याच्या वाक्यात लिहायची. रोल्स-रॉइसमधल्या अ‍ॅलिस्टर मॅविन आणि सहकाऱ्यांनी ती २००९ मध्ये मांडली. आपल्या जेव्हा-तेव्हात ती छान बसते: ‘जेव्हा मशीनच्या सुरक्षा-गार्डचं दार उघडेल, तेव्हा सिलिंडरला जाणारी हवा तुटेल.’ एका ओळीत एकच गोष्ट. ‘आणि’ आला की ओळ तोडायची.

सॉफ्टवेअरवाल्यांनी डोअरस्टॉप वापरून बघावं. तेही फुकट आहे, प्रत्येक मागणीची वेगळी साधी फाइल करून गिटमध्ये, म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवतं, त्यामुळे कोणी काय बदललं ते आपोआप राहतं. आमच्याकडे ती शिस्त हातानेच पाळावी लागते. रद्द झालेली ओळ पुसायची नाही, तिच्यावर रेघ मारायची, आणि तिचा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. गेल्या वर्षी ट्रायलच्या दिवशी एका कस्टमरने विचारलं, ‘जॉब पकडायचं दुसरं क्लॅम्पिंग कुठाय?’ रेघ मारलेली २३ नंबरची ओळ उघडली. शेजारी त्यांच्याच मेलची तारीख होती. त्यांनी ती वाचली, मान हलवली आणि पुढचा जॉब लावायला सांगितला.